पडवळाची वाटणी

दयाबाईंचं पडवळ सोमवारी सकाळी खालच्या मजल्यावर पोचलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या गॅलरीत गोडेतेलाच्या डब्यात लावलेला वेल कठडा ओलांडून बाहेर उतरला होता आणि त्याला एकच पडवळ धरलं होतं. ते वाकडं होऊ नये म्हणून दयाबाईंनी शेंड्याला सुतळीने दगड बांधला. नेवाशाकडच्या गावी त्यांची आई असंच करायची. पण गावी पडवळाखाली परसातली जमीन असे. इथे मालनबाईंची गॅलरी होती.

येत्या रविवारी चर्चमध्ये प्रथमफळांचा सण होता. आपल्या पिकातलं पहिलं फळ देवापुढे ठेवायचं. लहानपणी दयाबाई आईच्या मागून आपल्यापेक्षा लांब पडवळ मिरवत न्यायच्या. शाळेतून निवृत्त होऊन नगरला फ्लॅटमध्ये आल्यापासून मात्र त्यांनी दोन वर्षं बाजारातली मेथी नेली होती आणि दोन्ही वेळा ती ठेवताना चोरी केल्यासारखं वाटलं होतं. "यंदा मेथी आणायची नाही," असं त्यांनी नवऱ्याला, एलियांना बजावलं होतं.

बेल वाजली. दारात मालनबाई उभ्या.

"बाई, तुमचं पडवळ आमच्याकडं आलंय."

"अगंबाई! दगड लागला का कुणाला?"

"ह्यांच्या टकलाला टेकला जरासा. पन ते काय बोलले न्हाईत. मी येगळ्याच कामाला आले. परवा ऋषीपंचमी हाय. उद्या गनपती बसले की मला फुरसत न्हाई."

त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, माणसाने हाताने पिकवलेलंच खायचं, हे दयाबाईंना ठाऊक होतं.

"सगळा बाजार हिंडले," मालनबाई सांगू लागल्या. "भाजीवाला म्हनतो, मावशी, आता बैल हायेत कुठं, सगळं ट्रॅक्टरचं. म्हनलं, घे देवाची आन. तर गडी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बघाया लागला! तुमच्या डब्यात तरी बैल चढत न्हाई."

मालनबाईंची नजर पडवळावर आहे, हे दयाबाईंनी ओळखलं. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. पण खरं बोलून सुटका होत असेल तर का सोडा?

"मालनबाई, डब्यात शेणखत आहे. घोडेगावच्या बाजारातलं. तिथे बैलच बैल!"

मालनबाईंनी क्षणभर विचार केला. "शेन टाकायला बैलाला कसले आलेत कष्ट?"

"पण ते इथवर आणायचं म्हणजे..."

"कशातनं आनलं?"

"टेम्पोतून."

"मग झालं की!"

दुपारपर्यंत बातमी जिनाभर झाली. तिसऱ्या मजल्यावरची सुरेखा टोपली घेऊन आली, मागोमाग तळमजल्यावरच्या छबूबाई. पडवळ वाचवायला दयाबाईंनी बाकीच्या डब्यांतलं अळू दिलं, भेंड्या दिल्या, लाल माठ मुळासकट उपटून दिला. बाया तृप्त होऊन गेल्या. मालनबाई तेवढ्या हलल्या नाहीत.

"मला पडवळच पायजे, बाई. आमच्या सासूबाई त्याच्याबिगर ऋषीची भाजी करत नसत."

"अहो, ते रविवारी देवाला द्यायचंय!"

"कोन न्हाई म्हनतंय? अर्धं आमच्या गॅलरीत हाय, ते माझं. वरचं अर्धं तुमच्या देवाचं. आना विळी."

कापलेलं फळ देवापुढे कसं ठेवायचं? तेवढ्यात दयाबाईंना रविवारच्या शाळेत तीस वर्षं मुलांना सांगितलेली गोष्ट आठवली: एका बाळासाठी भांडणाऱ्या दोन बाया, राजाने मागवलेली तलवार, आणि 'कापू नका, तिलाच देऊन टाका' म्हणून रडणारी खरी आई. शेवटी बाळ मिळतं ते तिलाच.

"कापू नका!" दयाबाई कळवळून म्हणाल्या. "अख्खं तुम्हीच घ्या." आणि वाट पाहत उभ्या राहिल्या.

मालनबाईंनी ती गोष्ट कधी ऐकली नव्हती. "लई मोठं मन तुमचं!" म्हणत त्यांनी पडवळ देठासकट खुडलं, दगड सोडून दयाबाईंच्या हातात ठेवला आणि भराभर जिना उतरल्या.

एलियांनी पेपरातून डोकं वर काढलं. "काय झालं गं?"

"राजा नव्हता," दयाबाई दगडाकडे बघत म्हणाल्या.

रविवारी एलियांनी काही न विचारता मेथीची जुडी आणली. कुणाचं लक्ष नाही असं पाहून दयाबाईंनी ती टेबलावरच्या भोपळ्यांआड सरकवली आणि बाकावर येऊन खाली मान घालून बसल्या.

उपासना संपत आल्यावर पाळकसाहेब एकेक वस्तू उचलून देणाऱ्याचं नाव पुकारू लागले. आदिनाथ साळवे, भोपळा. स्टीफन गायकवाड, बाजरीची कणसं. मग ते अडखळले.

"दयाबाई एलिया शिंदे... अर्धं पडवळ."

मंडळीत खसखस पिकली. पुढच्या बाकावरची जेनिफर मागे वळली. "काकू, बाकीचं काकांनी खाल्लं का?"

एवढ्यात शेवटच्या बाकावरून ओळखीचा आवाज आला. नवी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन मालनबाई उभ्या होत्या.

"देठाकडचं दिलंय बरं का, साहेब! सकाळी मीच बाईंच्या नावानं आनून ठिवलं. शेंड्याकडचं आमी खाल्लं. बाई म्हनल्या अख्खं घ्या, पन देवाचा वाटा मी कशी खाऊ?"

पाळकसाहेबांनी हसू दाबत पेन काढलं. "मग यादीत लिहू तरी काय? हे पडवळ कुणाचं?"

दयाबाई उठल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "लिहा. पहिला मजला आणि दुसरा मजला."