गणूचा गुडघा

सरासरी काढण्यात माझा हात धरणारा दुबईच्या अख्ख्या अल कुसैसमध्ये नव्हता! साल सत्त्याण्णव. कंपनीतला अमेरिकन इंजिनियर जाताना बेसबॉलच्या बैठ्या खेळाचा खोका ठेवून गेला. फासे टाकायचे आणि खेळाडूच्या कार्डावर निकाल वाचायचा. अमेरिकन नावं जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही कार्डांवर गावाकडची चिकटवली. दर शुक्रवारी मी आणि शारजाचा सतीश खेळायचो. आठवडाभर ऑफिसात बसून मी भागाकार करायचो, तीन दशांश स्थळांपर्यंत. हातचा एक घेण्यातलं सुख आताच्या पोरांना कळायचं नाही.

माझा हुकमी फलंदाज गणू. सरासरी .३३८, म्हणायची मात्र तीनशे अडतीस. अंतिम सामना आठवड्यावर आला आणि फाशांनी घात केला. निकाल आला, ‘गुडघा जायबंदी, पंधरा सामने बाहेर.’

शनिवारी ऑफिसातून सतीशला फोन लावला. “गणूच्या गुडघ्याचं काहीतरी कर रे. त्याच्याशिवाय मी संपलो.”

“नियम तूच केलेस.”

“तीनशे अडतीसवर होता रे माझा गणू,” म्हणताना डोळे भरून आले.

मागे आमचे मॅनेजर उभे. खैरुद्दीनसाहेब, मूळचे चिपळूणचे.

“तीनशे अडतीस साखर? वर गुडघाही गेला? तुझा कोण हा गणू?”

“मीच वाढवला त्याला,” तोंडातून निघून गेलं. खरं सांगावं, तर ऑफिसच्या वेळात मी काय भागत होतो तेही बाहेर पडलं असतं.

“यल्ला, चल, गुरुवारी गावी जा. तिकीट कंपनीचं.”

घरी बायको, स्मिता, म्हणाली, “माझ्या भावाच्या लग्नाला तुम्हाला रजा नव्हती. आता पुठ्ठ्याचा गुडघा दुखला तर विमान?”

सतीशला शुक्रवारचा अंतिम सामना पुढे ढकलायला विनवलं.

“गैरहजर तो हरला. तुझ्याच अक्षरात आहे.”

विमानतळावरून निसटावं, तर ड्रायव्हर शौकत दारातच. “साबने बोला है, जहाज उडने तक हिलना नहीं. गणूभाई के लिए मैंने भी दुआ मांगी है.”

गणूभाई माझ्या शर्टाच्या खिशात होते.

मुंबईत मेव्हण्याकडे उतरलो. त्याने पाणी देता देताच विचारलं, “लग्नाला नाही जमलं, भावोजी?”

परतलो तेव्हा सतीश विजेता होता. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

“गणू कसा आहे?”

“सुधारतोय.”

“मग त्याला इकडेच आण. स्टोअरमध्ये बैठं काम देतो. व्हिसाचं मी बघतो, तू उद्या त्याच्या पासपोर्टची कॉपी दे.”

कॉपी कुठून देऊ? सरासरी मागितली असती, तर उभ्या उभ्या दिली असती.