सप्रेम भेट, अठरा पौंडी

दीड वर्षापूर्वी अल ऐनहून आमच्या मराठी मंडळातल्या बापू निगड्यांचं एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही. आणि पुढे जे रामायण घडलं त्याबद्दल मी जगातल्या प्रत्येक माणसावर चिडलेलो आहे. यादीत माझा नंबर बराच वर लागतो.

खरं तर हे माझं हुकमी क्षेत्र! जन्मभर पुण्यात ग्रंथपाल होतो, महायुद्धांवरची पुस्तकं कपाटाच्या कपाटं वाचली. पहिल्या महायुद्धातलं कुठलंही पितळ आणा, पाच मिनिटांत त्याची कुंडली मांडतो! असं मी मनातल्या मनात म्हणतो. तोंडाने म्हणतो, "बघावं लागेल."

बापूंनी पत्राबरोबर एक पितळी नळकांडं पाठवलं होतं. फूटभर उंच, वर्षानुवर्षांच्या काजळीने काळंभोर, तोंडाशी समोरासमोर दोन भोकं. "आजोबा फ्रान्सच्या लढाईत खेचरं हाकत होते," बापूंनी लिहिलं होतं. "ते सांगायचे, विषारी वायू आला की आम्ही हे वाजवायचो. माझी मुलं हसतात. म्हणतात, पणजोबांनी जुन्या बाजारातून फुलदाणी आणली आणि वर थाप मारली. मी ऐंशीचा झालो. आजोबा खरे की खोटे, एवढं सांगा."

नळकांडं म्हणजे अठरा पौंडी तोफेच्या गोळ्याचं मागचं पितळी कवच, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. पण ती भोकं! टांगून वाजवायला पाडलेली, की कुणी नंतर दिवा करायला? मी उत्तराचे अकरा खर्डे केले. प्रत्येकात "बहुधा" आलं. बहुधा लिहून माणसाच्या आजोबांचा निकाल लावायचा? शेवटी शरमेने ते नळकांडं जुन्या बनियनमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवलं आणि घरात कुणाला चकार शब्द बोललो नाही.

इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत आम्ही चौघं राहतो. मुलगा निनाद, सून ईश्वरी, नात ओवी आणि पुस्तकांच्या आडचा मी. ईश्वरी मराठी मंडळाच्या सत्कार समितीवर आहे, म्हणजे समितीच ती आहे. मंडळाचा वर्धापनदिन तोंडावर आला आणि भारतातून येणारी मानचिन्हं वाटेत अडकली. त्या गडबडीत ती मला म्हणे विचारून गेली, "नाना, कपाटावरचा तो पितळी उंच डबा घेऊ का?" मी वाचत होतो. मी म्हणालो, "हं."

आता मला सांगा, वाचणाऱ्या माणसाचा "हं" हा काय होकार असतो?

कार्यक्रमाला मी ओवीच्या नाचासाठी गेलो. शेवटची रांग, खांबामागची खुर्ची. मंडळाचे अध्यक्ष सत्यजित माइकवर गरजले, "आता आपल्या सर्वांत ज्येष्ठ सभासदांचा सत्कार! अल ऐनहून खास आलेले, बापूसाहेब निगडे!"

मी खांबामागे आणखी चार बोटं सरकलो.

बापूंच्या खांद्यावर शाल पडली. मग ईश्वरी तबक घेऊन आली. तबकात सोन्यासारखं लखलखणारं एक नळकांडं, दोन्ही भोकांतून ओवलेली लाल रिबीन आणि तोंडावर शेंडी वर करून बसवलेलं श्रीफळ!

माझं रक्त तापायला लागलं. मी खुर्च्यांच्या मधून वाट काढत स्टेजच्या पायरीपर्यंत पोचलो आणि ईश्वरीला गाठलं.

"हे... हे काय केलंस?"

"छान दिसतंय ना, नाना? चिंच-मीठ लावून दोन तास घासलं! मुसफ्फ्याच्या ट्रॉफीवाल्याकडून कोरूनही घेतलं. चाळीस दिरहम, म्हणजे जवळजवळ हजार रुपये झाले! एका बाजूला नुसते पोचेच पोचे होते, म्हणून अक्षरं दुसऱ्या बाजूला घालावी लागली."

पोच्यांकडे माझं लक्षच गेलं नाही. मी अक्षरं वाचत होतो. 'श्री. बापूसाहेब निगडे यांना मंडळाकडून सप्रेम भेट.' शंभर वर्षांची काजळी! दोन महायुद्धं आणि तीन पिढ्यांच्या बदल्या सोसून टिकलेली! ती या बाईने आमटीच्या चिंचेने खरवडली! आणि ज्याची वस्तू त्यालाच सप्रेम भेट!

आयुष्यात मी कधी ओरडलो नाही. ग्रंथपाल ओरडत नाहीत, ते ओरडणाऱ्यांना गप्प करतात. पण सत्यजितने ते तबकातून उचलून बापूंच्या हातात ठेवलं, तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मलाच अनोळखी होता.

"खाली ठेवा ते! ते तोफेच्या गोळ्याचं आहे!"

"तोफगोळा?" सत्यजितने विचारलं. माइकमध्ये.

दारात उभा असलेला सिक्युरिटीचा मुनीर पेशावरचा. त्याला मराठी येत नाही, पण एवढं मराठी कुणालाही येतं. त्याने स्टेजकडे पाहिलं. आणि खरं सांगतो, वर टोकदार नारळ बसल्यामुळे ते नळकांडं शंभर वर्षांत पहिल्यांदाच अख्ख्या तोफगोळ्यासारखं दिसत होतं!

"तोप का गोला! सब बाहर! यल्ला, यल्ला, यल्ला!"

पाच मिनिटांत अख्खं मंडळ पार्किंगमध्ये. सप्टेंबरचं ऊन, अंगावर पैठण्या, हातात श्रीखंडाच्या वाट्या. श्रीखंडाचं पुन्हा दही व्हायला लागलं. नाचाच्या नऊवारीत ओवी म्हणाली, "आजोबा, यू आर सो एम्बॅरसिंग!" सत्यजित प्रत्येकाला सांगत होता, "मंडळाचा याच्याशी काही संबंध नाही." निनाद माझ्याकडे बघतच नव्हता. म्हणजे रागावला होता. मीही रागावलो होतो. तिथे न रागावलेला माणूस शोधून सापडला नसता!

बापू मात्र नळकांडं पोटाशी धरूनच बाहेर आले होते. मुनीर दहा हातांवरून विनवत होता, "चाचाजी, रख दो ना!" बापू ऐकेनात. त्यांनी नारळ काढून मुनीरच्या हातात दिला, नळकांडं उलटं केलं, बूड पाहिलं आणि सावकाश माझ्याकडे वळले.

"अहो ग्रंथपाल! हे माझंच आहे!"

"हो."

"दीड वर्ष उत्तर नाही, आणि आता माझीच वस्तू मला सप्रेम भेट? वर शाल?"

 तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. तरुण अधिकारी, अतिशय शांत. त्याने ते नळकांडं बापूंकडून घेऊन गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि इंग्रजीत विचारलं, हे काय आहे, कुणाला माहीत आहे का?

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सत्यजितने तर बोटही दाखवलं.

मी जवळ गेलो. बुडावर १९१६ चा शिक्का, मध्ये तोफेचा खिळा आपटल्याची खूण. म्हणजे उडवलेलं, रिकामं. एवढं मला आधीपासून ठाऊक होतं. मग मी ते फिरवलं आणि ईश्वरीचे पोचे दिसले. एकाच जागी, तळहाताएवढ्या भागात, एकावर एक शेकडो टोले! भोकांच्या वरच्या कडा तारेने झिजून आत गेलेल्या. काजळीखाली दीड वर्षात मला जे दिसलं नव्हतं, ते चिंचेने दोन तासांत उघडं केलं होतं!

"धिस इज नॉट अ बॉम्ब," मी म्हणालो. "एम्प्टी. इट इज अ... टोल! शाळेत असतो तसा. गॅस आला की वाजवायचा. फ्रान्समध्ये."

"अंकल, आर यू शुअर?"

मला हा प्रश्न कुणी विचारला की मी पुस्तकात तोंड घालतो. तिथे पुस्तक नव्हतं.

"शुअर," मी म्हणालो.

बापूंनी शेजारच्याच्या श्रीखंडाच्या वाटीतला चमचा उचलला आणि पोच्यांवर जोरात हाणला. ठण्ण! पार्किंगमधली सगळी कुजबुज थांबली.  मग शालीच्या टोकाने त्यांनी डोळे पुसले आणि लगेच माझ्यावर खेकसले, "मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

 माझ्या मनात आलं, त्या टोलाने शंभर वर्षांनी पुन्हा एकदा माणसांना पळवलं.

"खलास?" अधिकारी हसून म्हणाला आणि त्याने मुनीरला सगळ्यांना आत सोडायला सांगितलं. मी बापूंचा हात धरला. "आजोबा खरं बोलत होते, बापू."

"मला नका सांगू!" बापू अजून तापलेलेच होते. "मी पत्र पोस्टाने पाठवलं होतं, उत्तर पोस्टाने आलं पाहिजे! पोरांच्या तोंडावर पाकिटासकट मारायचंय!"

म्हणून आज सकाळी बारावा खर्डा लिहिला. चार ओळींचा, एकही "बहुधा" नसलेला. पाकीट चिकटवलं. निनादने पोस्टापर्यंत सोडलं, अजून अबोल्यातच. मी पेटीत पत्र टाकलं. टप्प असा आवाज आला आणि त्याच क्षणी डोक्यात आलं, मी अठरा पौंडी लिहिलं, की तेरा पौंडी?

पत्रपेटीच्या फटीतून हात मनगटापर्यंतच जातो, एवढं मात्र मी आता खात्रीने सांगू शकतो.