जोतिबाची शीळ

जोतिबाच्या तोंडात पुढचे दोन दात बसले आणि त्याच आठवड्यात त्याच्या मेंढरांनी त्याला ओळख देणं सोडलं.

त्याचे मूळचे दात ऐन जवानीत एका एडक्यानं ढुशी मारून पाडले होते. त्या खिंडारातून अशी काही शीळ निघायची, की पांगलेली मेंढरं चरायचं टाकून धावत यायची. पण लेक शिवांजली सांगलीत नोकरीला लागली आणि आबा हसताना तोंडावर पंजा धरतात, हे तिला बघवेना. तिनं त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जबड्यात स्क्रू बसवले, हाड धरेपर्यंत काही महिने थांबवलं आणि मग वर पांढरेशुभ्र दात चढवले. लेक आनंदानं रडली. जोतिबाही रडला, पण दुसऱ्या दिवशी, पलूसच्या शिवारात.

मेंढरं वीरधवलच्या कोवळ्या उसात शिरली होती. जोतिबानं शीळ घातली. नुसती हवा आली आणि थोडी थुंकी.

"आवं मामा, बोलवा की मेंढरं!" वीरधवल बांधावरून ओरडला.

"बोलवतूय की रं!"

"कुटं? नुसतं फुकताय!"

जोतिबानं तोंडात बोटं घालून पाहिली, ओठांचा चंबू करून पाहिला. एका म्हाताऱ्या मेंढीनं मान वर करून हा कोण उपरा म्हणून बघितलं आणि पुन्हा उसाला तोंड लावलं. शेवटी त्याच्या बायकोनं, रंगुबाईनं, काठी घेऊन एकेक मेंढरू हुसकून बाहेर काढलं. पुन्हा रानात पाय ठेवू नका, असं वीरधवलनं बजावलं.

मेंढरंच ऐकेनात तर मेंढक्याचं उरतं काय? जोतिबाला भाकरी गोड लागेना. नव्या दातांनी ती छान चावता येत होती, याचंच त्याला जास्त वाईट वाटत होतं. तो उठून सांगलीला गेला.

"काडा हे," तो डॉक्टरांना म्हणाला.

"मामा, खालचे स्क्रू हाडात रुजलेत. ते आता तुमच्यासोबतच जाणार," डॉक्टर अभिमानानं म्हणाले. "वरचे दात काढून देतो, पण लेकीला काय सांगाल?"

जोतिबा तोंड मिटून परत आला.

रंगुबाईला काही गप्प बसवेना. तिनं लेकीला फोन करून सगळं सांगितलं. शिवांजली म्हणाली, "आये, आबांची जुनी शीळ माज्या फोनात हाय. आठवण आली की ऐकते मी. धाडू का?"

दुसऱ्या दिवशी रंगुबाईनं माळावर उभं राहून मोबाईल उंच धरला. शीळ वाजली. तीच, खिंडारातली. मेंढरांनी कान टवकारले आणि अख्खा कळप धावत सुटला. जोतिबा हात पसरून वाटेत उभा राहिला. मेंढरं त्याला वळसा घालून, त्याचीच शीळ ऐकत, रंगुबाईच्या पायाशी गोळा झाली. आपण मेलो तरी यांचं काही अडणार नाही, हे त्याला जिवंतपणीच बघायला मिळालं.

तेवढ्यात शिवांजलीचा फोन आला.

"आबा, आली का मेंढरं?"

"आली."

"बगा! दातबी ऱ्हायलं अन् शीळबी ऱ्हायली!"

"व्हय पोरी," जोतिबा म्हणाला. "मीच तेवढा जादा झालोय."