आधी व्याही

"आजपासून मला जिनातून एकही फोन येणार नाही!" रमाकांत सरांनी चहाचा कप ठेवत घोषणा केली.

तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या सरांनी मलकापुरातल्या एका जिनासाठी, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यासाठी, प्रोग्राम केला होता. कापसाचे ट्रॅक्टर क्रमाने घ्यायचे आणि फाटक उघडायचं, एवढंच त्याचं काम. पण नियम बदलायचा झाला की सरांना बोलावणं ठरलेलं. म्हणून त्यांनी प्रोग्रामच्या पोटातच एक चिमुकली भाषा बसवली: जर, तर, पुढे, मागे. आता फाटकावरच्या भागवतने हवा तो नियम लिहावा, प्रोग्रामने तो पाळावा आणि सरांनी घरी बसावं.

"संध्याकाळी व्याही-विहिणींसोबत शेगावला जायचंय," सुलभाताईंनी बजावलं. "गाडी चुकवली, तर मी तुम्हाला सोडून जाईन."

दुपारी फोन वाजला.

"सर, फाटक उघडूनच नाही राह्यलं! रांग हायवेवर गेली."

"काही नवीन लिहिलंस?"

"एकच ओळ. जर मागचा इवाई असन, तर पुढे. इवायाले मान द्यावाच लागते न, सर."

"पण कोण कोणाचा व्याही, हे प्रोग्रामला कसं कळलं?"

"मीच भरल्या न साऱ्या तालुक्याच्या सोयरिकी."

सर धावले. पडद्यावर दोन नावं फुगडी खेळत होती. पुढे उकंडराव, मागे त्यांचे व्याही निवृत्तीराव. नियमाने निवृत्तीराव पुढे सरकत. मग मागे पडलेले उकंडराव त्यांचे व्याही ठरत आणि तेही पुढे! प्रोग्राम इमानेइतबारे दोघांना मान देत बसला होता.

सरांनी फाटक हाताने उघडलं. "उकंडराव, चला."

"असं कसं? आंधी इवाई."

"तुमीच व्हा पुढं," निवृत्तीराव म्हणाले.

सरांचा चेहरा उजळला. "म्हणजे प्रोग्राम अचूक आहे!"

अखेर भागवतने दोघांना चहाला नेलं आणि ड्रायव्हरांनी ट्रॅक्टर आत घातले. ड्रायव्हर काही एकमेकांचे व्याही नव्हते.

ओळ खोडून सर विजयी मुद्रेने स्टेशनावर पोहोचले. गाडी आली. सुलभाताई आणि विहीणबाई चढल्या. सरांनी दांडीला हात घातला, तोच मागे व्याही सहदेवराव दिसले. सर अदबीने बाजूला झाले.

"आधी आपण."

"छे, सर, आधी तुमी."

"असं कसं?"

गाडी हलली, तिने वेग घेतला आणि ती गेली.

फोन वाजला. सुलभाताईंचा होता. सरांनी तो दोन्ही हातांनी सहदेवरावांपुढे धरला.

"आधी आपण बोला."