एकशेदहा टक्के निकाल

आमच्या शाळेत सातवीला गणित शिकवणाऱ्या बाईंचा निकाल शंभर टक्के लागला आणि त्याबद्दल त्यांना नोटीस आली. विषय होता, 'पुढील वर्षीच्या वाढीस वाव न ठेवल्याबाबत खुलासा'. पालक प्रतिनिधी या नात्याने मी त्या सुनावणीला हजर होतो, म्हणून हे खात्रीने सांगतो.

बाई पाच वर्षं हंगामी होत्या. दर वर्षी सुट्टी लागली की नोकरी संपायची, शाळा उघडली की नवा अर्ज. कायम व्हायचं तर सलग सहा वर्षं निकाल 'समान गतीने' वाढायला हवा, असा नियम होता. बाईंचा निकाल साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद, शंभर असा वाढला होता. कार्यालयातल्या साहेबांनी हे पाच ठिपके आलेखाच्या कागदावर मांडले, पट्टी लावली आणि रेघ पुढे ओढली. कागद संपला तेव्हा ती टेबलावर उतरली.

"सहाव्या वर्षी एकशेदहा," साहेब म्हणाले.

"साहेब, वर्गात मुलं चाळीस. चाळीसच्या चाळीस पास झाली. आता आणखी कुठून आणू?"

"मग एवढ्या घाईने शंभरावर जायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

बाई शिकवण्याच्या सुरात म्हणाल्या, "शंभरावर रेघ आडवी होणारच. मुलांना मी हेच शिकवते. प्रत्येक पायरीला सारखी भर पडली तर ते रेषीय, नाहीतर अरेषीय. आमचा निकाल शंभरापर्यंत रेषीय होता, आता तो अरेषीय होणार."

साहेबांनी नियमावलीची तीन पानं उलटली. "अरेषीय कर्मचाऱ्याला कायम करायची तरतूद नाही."

आमचे मुख्याध्यापक मुरलेले गृहस्थ. त्यांनी तीच नियमावली घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी हसतच आले. टक्केवारी पटावरच्या मुलांवर काढावी असं तिच्यात होतं, पण पास होणारा पटावरचाच असावा असं कुठेच नव्हतं. चाळिसाचे एकशेदहा टक्के म्हणजे चव्वेचाळीस. चार माणसं बाहेरून बसवली की झालं. साहेबांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी 'बहिःस्थ परीक्षार्थी' म्हणून एक परिशिष्टच जोडलं. स्वतः मुख्याध्यापक, कारकून, शिपाईमामा आणि मी अशी चौघांची नावं त्यात गेली.

"बसवा," बाई म्हणाल्या. "पण पेपर मी तपासणार, आणि मुलांचे तपासते तसेच तपासणार."

माझी मुलगी त्याच वर्गात. संध्याकाळी ती मला शिकवायला बसली.

"बाबा, शेजारशेजारच्या आकड्यांतला फरक काढत जा. फरक सारखे आले की रेषीय. आता हे बघा. चौरसाची बाजू एक, दोन, तीन, चार. क्षेत्रफळ एक, चार, नऊ, सोळा. फरक किती?"

"तीन, पाच, सात. म्हणजे अरेषीय."

"बरोबर. आणि कोष्टक कशाचं आहे ते आधी वाचा, आकडे नंतर."

हे शेवटचं मी ऐकलं नाही, कारण तोवर मला सगळं आलं होतं.

परीक्षेला आम्ही चौघे शेवटच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलो. दहा गुणांचा प्रश्न होता, 'एका मुलाची उंची दहाव्या वर्षी १३०, अकराव्या वर्षी १३५ आणि बाराव्या वर्षी १४० सेंटिमीटर होती. चाळिसाव्या वर्षी ती किती असेल? कारण द्या.' मी फरक काढले. पाच, पाच. मी लिहिलं, 'रेषीय. उत्तर २८० सेंटिमीटर', आणि खाली दोन रेघा मारल्या. मी स्वतः त्या वेळी बेचाळीस वर्षांचा होतो आणि वर्गाच्या दारातून न वाकता आत आलो होतो, पण तेही गणितात धरायचं असतं हे मला सुचलं नाही.

शिपाईमामांनी लिहिलं होतं, 'सांगता येत नाही. माणूस वाढायचा थांबतो. मी एकोणिसाव्या वर्षी थांबलो.' त्यांना दहापैकी दहा मिळाले.

चाळीस मुलं पास झाली. मुख्याध्यापक, कारकून आणि मामाही पास झाले. मला एकतीस मिळाले, आणि पास व्हायला पस्तीस लागत होते. बाईंनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावून पेपर दाखवला.

"द्या की चार गुण, बाई," मी म्हणालो. "तुमच्याच भल्याचं सांगतोय."

"मुलांना असे कधी दिले नाहीत. तुम्हाला कसे देऊ?" मला इतकी लाज वाटली की पेपर परत द्यायचाही राहिला.

निकाल एकशे साडेसात टक्के लागला. 'अपेक्षित वाढीत अडीच टक्क्यांची तूट' असा शेरा मारून साहेबांनी बाईंची सेवा समाप्त केली.

पुढच्या पालकसभेत नव्या सरांची ओळख करून देण्यात आली. चाळिसांतून त्रेचाळीस पास कसे झाले, हे कुणी विचारलं नाही. एका मुलाच्या आईने एवढंच विचारलं, "पण अडीच टक्के गेले कुठे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. ते कुठे गेले हे मला ठाऊक होतं, तरी मीही डोलावली.

घरी आल्यावर मुलीने प्रगतिपुस्तक पुढे केलं. गेल्या खेपेला पंच्याऐंशी होते, आता नव्वद. "वा," मी सही करता करता म्हणालो, "म्हणजे पुढच्या वेळी पंच्याण्णव." तिने सही वाळायचीही वाट पाहिली नाही. पुस्तक घेऊन आत गेली.

तुम्ही मला हसत असाल तर खुशाल हसा. मात्र आपल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर शेवटची सही करताना तुम्ही कोणता आकडा बोलून गेला होतात, ते त्याला एकदा विचारा. तुम्ही विसरला असाल, पण त्याला तो पाठ असेल.