बंडखोरांचं अंथरूण

माझ्या कादंबरीत सरकारनं शहराची वीज तोडली होती, सैनिक दारोदार फिरत होते आणि सोळा वर्षांची रेवती भुयारातून बंडाची हाक देत होती. मी आवाज चढवून हे वाचत असताना रज्जाकचाचांनी हात वर केला.

"मास्तर, ते सब ठीक हाय. पन हे पोट्टे झोपतेत कायच्यावर?"

राजापेठेत माझ्या खोलीखाली चाचांचं गाद्यांचं दुकान. दिवसभर मशीनवर कापूस पिंजायचा आणि जगाकडे गादीच्या बाजूनं बघायचं. नवा माणूस आला की नाव विचारायच्या आधी चाचा त्याच्या मानेकडे बघतात. "उशी उंच हाय तुमची," म्हणतात, आणि बहुधा असतेच. पेपरात पुढाऱ्याचा फोटो दिसला की "याले झोप नाई."

मी शिकवणीवर्गात गणित शिकवायचो. दिवसभर पोरांवर 'गप्प बसा' म्हणून ओरडायचं आणि संध्याकाळी पोरांच्या बंडाची कादंबरी लिहायची. माझं स्वतःचं सर्वांत मोठं बंड म्हणजे घरमालकाला न विचारता भिंतीत ठोकलेला खिळा. त्यांनी डोळे वटारल्यावर तोही उपटला. कादंबरी ऐकायला कोणी मिळेना, म्हणून चाचांना धरलं. त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. तेल्हाऱ्याकडची शेतकरी गिऱ्हाइकं लग्नालासुद्धा जुनीच गादी पिंजून न्यायची, त्यामुळे चाचांनाही वेळ होता.

दुकानाच्या माळ्यावर मात्र एक सुरेख नवी गादी गुंडाळून ठेवलेली असायची. दर हिवाळ्यात चाचा ती उसवायचे, कापूस पिंजायचे आणि पुन्हा भरायचे. मी एकदा ती विकत मागून पाहिली. "गिऱ्हाइकाची हाय," म्हणाले.

प्रत्येक प्रकरणाला तोच सवाल. भुयारात ओल असते, खाली काय टाकलं? शेवटी कंटाळून मी बंडखोरांना सतरंज्या दिल्या. "सतरंजीवर पाठ धरते. मंग बंड कसं करतीन?" बंदुका कुठून आल्या, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

मग ते प्रकरण आलं. सोळावं लागलं की कोणी कोणतं काम करायचं, ते सरकार ठरवतं. मला या कल्पनेचा भारी अभिमान होता.

"पोट्ट्यानं नाई म्हटलं त?"

"तर त्याला शहराबाहेर काढतात. भयंकर आहे ना, चाचा?"

चाचा हातातला कापूस उगाच मोकळा करत राहिले.

"आमच्या घरी त मीच ठरवलं होतं. इरफान म्हने, मी कापूस नाई पिंजत. मी म्हटलं, मंग निंघ घरातून. निंघाला. तवा सत्रा वर्षांचा होता." त्यांनी माळ्याकडे पाहिलं. "सुरतले हाय म्हन्तेत. कायच्यावर झोपते, काय मालूम."

इतके दिवस मी त्यांना मनातल्या मनात हसत होतो.

शेवटचं प्रकरण वाचायला मी घाबरतच खाली गेलो. सरकार पडतं, आणि रेवती घरी न परतता एकटी दूर डोंगराकडे चालू लागते. लिहिताना मला ते फार भव्य वाटलं होतं.

"जाऊ द्या तिले," चाचा म्हणाले. "पन मास्तर, तिच्या घरी हातरून त टाकून ठेवा."

मी वर आलो, शेवटचं पान काढलं आणि रेवतीच्या घरी अंथरूण टाकलं.