शेवटची दहा मिनिटं

बाईमाणसाने नोकरी करावी की नाही, या प्रश्नाचा अभ्यास बिननोकरीच्या पुरुषाइतका खोलात जाऊन आजवर कोणी केलेला नाही. सौदीतल्या हाइलच्या मराठी मंडळात हे काम कमलाकर खातूंकडे होतं.

चिपळूणची विमा कचेरी सोडून ते इथे आले, कारण त्यांच्या पत्नी डॉ. शालन इथल्या सरकारी इस्पितळात बाळंतपणं करत. खातूंचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, बाईंच्या नोकरीवर निघालेला होता आणि त्यावर ‘काम करण्यास मनाई’ असं छापलेलं होतं. (सहा वर्षांत खातूंनी ही अट एकदाही मोडली नाही. घरातसुद्धा.) बाईंना गाडी चालवायची परवानगी नसल्याने सकाळी त्यांना सोडायचं आणि दुपारी आणायचं, मधला वेळ चिंतनाला.

दोन हजार सहा साली शालनताई विभागप्रमुख झाल्या, तीन वर्षांचा नवा करार समोर आला आणि घरी आल्यावर त्या आयता चहा मागू लागल्या. खातूंनी ताडलं की संस्कृती धोक्यात आहे.

उपाय सापडला जुन्या हॉलिवुडमध्ये. मंडळ दर शुक्रवारी लॅब टेक्निशियन ज्ञानेशच्या घरी भिंतीवर सिनेमा दाखवी. तिघा पुरुषांच्या निवड समितीने बहारीनहून आणलेल्या कृष्णधवल डीव्हीडी तपासून अहवाल दिला. एकूण चित्रपट एकतीस. नोकरदार नायिका एकतीस: सेक्रेटरी अकरा, वार्ताहर नऊ, वकील चार, डॉक्टर चार, वैमानिक दोन, न्यायाधीश एक. शेवटच्या दहा मिनिटांत नोकरी सोडून लग्नाला उभ्या राहिलेल्या अठ्ठावीस. विमान कोसळून वारलेली एक (तिचा राजीनामा गृहीत धरला). उरलेल्या दोघी एकट्या राहिल्या, आणि त्यांच्या तोंडावर उजेडही कमी पाडलेला आहे. असं निर्मळ वाङ्मय आपल्याकडे नाही, असं खातूंनी अहवालात लिहिलं, आणि ते खरंच होतं.

दोन महिन्यांत परिणाम दिसला, पण उलटा. ज्ञानेशची बायको सानिका शाळेत शिकवायला लागली. मंडळातल्या रेखावहिनींनी नवऱ्याचं बोलणं अर्ध्यात तोडलं, तेही पाहुण्यांसमोर. शालनताई कोटाच्या खिशात हात घालून चालू लागल्या.

समितीने चौकशी केली तेव्हा दोष पुऱ्यांचा निघाला. सिनेमा संपताच पानं मांडायची, आणि पुरी गरमच हवी हा मंडळाचा मूळ नियम. त्यामुळे बायका दर शुक्रवारी बरोबर दहा मिनिटं आधी उठून तळायला जात. त्यांनी संपादकाला झापणाऱ्या आणि कोर्ट गाजवणाऱ्या बायका पोटभर पाहिल्या होत्या. राजीनामा एकीनेही पाहिला नव्हता.

ठराव झाला: यापुढे शेवटची दहा मिनिटं पुऱ्या पुरुषांनी तळाव्यात.

त्या शुक्रवारी सिनेमात एक डॉक्टरीण होती. शेवटी तिने स्टेथोस्कोप खुंटीला अडकवला आणि स्वयंपाकाचा ॲप्रन बांधला. आत पुऱ्या पापडासारख्या सपाट होत होत्या. खातूंनी झारा हातात धरूनच दारातून डोकावलं. शालनताई डोळे पुसत होत्या. खातूंचा ऊर भरून आला.

परतताना गाडीत शालनताई म्हणाल्या, “शेवट अगदी पटला हो मला. मी करारावर सही करत नाही. थकलेय मी. तीस तारखेनंतर खलास, आपण दोघं चिपळूणला.”

सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, तरी गाडी हलेना. चिपळूणला गेल्यावर ‘सध्या काय करतोस?’ असं विचारणारी माणसं खातूंना एकेक करून आठवत होती. सहा वर्षांत पहिल्यांदाच ते मनापासून घाबरले.

“अगं, तो सिनेमा आहे,” ते म्हणाले. “खऱ्या जगात असं कोणी करतं का?”

“मग उद्यापासून चहा?”

“मी करीन.”

“आणि पोळ्या?”

खातूंनी गिअर टाकला. “शिकव,” ते म्हणाले.

बाईंनी सही केली. नंतरच्या बैठकीत खातूंनीच ठराव मांडला की या चित्रपटांचे शेवट आपल्या संस्कृतीत बसत नाहीत, सबब ते दाखवू नयेत. आता सिनेमा दहा मिनिटं आधी बंद होतो. पुऱ्या मात्र पुरुषच तळतात आणि त्या फुगतातही.

वाचकाला गंमत वाटली असेल. त्याने जरा आपल्या घरात कान द्यावा. इथपर्यंत निवांत वाचता आलं, म्हणजे मधेच कोणीतरी उठून आत गेलेलं आहे. तिला शेवट सांगायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.